पाणवठ्यापुढे रस्ता नाही

अल्जिअर्स, ४ जून

श्रीमती फेरूजा यांस,

आपण माझे फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. आपल्या गावची मिनीबस चालवणारा उआली ते आपल्या हातात देईल आणि उत्तरही तोच घेऊन येईल.

विषय आपल्या दोघांच्या मुलीचा, थिलेल्लीचा. घटस्फोटाच्या वेळी ती आपल्याकडे राहिली, मी हरकत घेतली नाही. आता घेतो आहे. मागच्या वर्षीच्या वणव्यानंतर आमच्या चार मित्रांच्या मंडळाने डोंगरातल्या गावांचे नकाशे करायला घेतले. आपल्या गावाचा, इघिल ऊझ्रूचा, पूर्ण झाला. घरं, पाण्याच्या टाक्या, विजेचे खांब, गाडी जाईल असे रस्ते, माणूस जाईल अशा वाटा, सगळं त्यात आहे. तो कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही फोनवर उघडून बघावा, कुणीही दुरुस्त करावा, आणि कुणी काय बदललं ते सगळ्यांना नावानिशी दिसतं. अग्निशमन दलाची माणसंही आता तोच वापरतात.

त्यात एक गोष्ट लहान मुलालाही दिसेल. गावातून बाहेर पडायला एकच रस्ता आहे, वरचा, आणि तो ओकच्या दाट रानातून जातो. मागच्या वर्षी वणवा पलीकडच्या डोंगरावर थांबला. या वर्षी थांबेलच असं नाही. अशा गावात माझी मुलगी उन्हाळा काढणार नाही. शाळा सुटली की तिला अल्जिअर्सला पाठवावं, पुढे ती इथेच शिकेल. नाहीतर मी कोर्टात जाईन आणि हा नकाशा न्यायाधीशांपुढे ठेवीन.

बलाईद


इघिल ऊझ्रू, ९ जून

बलाईद,

'श्रीमती' काय, 'आपण' काय! मामाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या, अंगणात माझ्या वेण्या ओढत वाढलास, लग्न करून नऊ वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, आणि आता घरपट्टी थकल्यासारखी नोटीस पाठवतोस.

मीही कागदावरच लिहिते, कारण फोनवर पाठवलेलं तू गावाच्या गटात टाकतोस. मागच्या ईदेला मी तुला 'बिनडोक' म्हटलेलं, तजमातीच्या दगडी बाकांवर बसून गाव चालवणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांनी चष्मे पुसून पुसून वाचलं.

नकाशा पाहिला. मी शाळेत गणित शिकवते, रेघा कळतात मला. आमच्या दारापासून पाणवठ्याकडे जाणारी वाट काढलीस, पाणवठ्यावर निळा थेंब काढलास आणि त्यापुढे लाल फुली मारून लिहिलंस, 'पुढे रस्ता नाही'. कुणी सांगितलं तुला? तुझ्या त्या मित्रांनी? त्यांच्यातला एक तरी बाप्या जन्मात पाणवठ्यावर उतरला आहे का? तिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नाही असा तुमचाच कायदा. मग तिथे काय आहे आणि काय नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? तुझ्या नकाशात अर्धं गाव नाहीच आहे.

थिलेल्ली कुठेही येणार नाही. आत्या, म्हणजे तुझी आई, शेजारी बसून शेंगा निवडते आहे. ती म्हणते, 'त्याला लिही, आईला भेटायला यायला याला रस्ता सापडत नाही, आणि निघालाय जगाला रस्ते दाखवायला.' शब्द तिचे आहेत, मी फक्त उतरवून घेतले.

फेरूजा


अल्जिअर्स, १५ जून

फेरूजा,

'आपण' सोडतो. मानाने बोलावं अशी तुझी इच्छा दिसत नाही.

शिव्या वाचल्या. पण त्यांतला एक मुद्दा मला पटला, आणि पटलेलं मान्य करायला मी तुझ्यासारखा हटवादी नाही. पाणवठा बायकांचा आहे. तो साऱ्या जगापुढे मांडायला नको होता. मी गावप्रमुख अक्लीदादांना फोन केला. ते म्हणाले, 'खरं आहे रे बाबा. आमच्या लेकीसुना जिथे पाणी भरतात ती जागा कुठल्याही परक्याने बोट लावून बघावी, हे काही शोभत नाही.' म्हणून त्याच दिवशी मी थेंब, वाट आणि फुली, तिन्ही पुसून टाकलं. तिथे आता नुसता हिरवा रंग आहे. माझ्यावर वाटेल ते आरोप कर, पण बायकांची अब्रू राखली नाही असं म्हणू नकोस.

कोर्टात अर्ज दिला आहे. तारीख सप्टेंबरातली मिळाली. वकील म्हणतो, बाहेर पडायला एकच रस्ता असलेलं गाव, एवढा मुद्दा पुरेसा आहे.

आईच्या गुडघ्याचं औषध उआलीकडे दिलं आहे.

बलाईद


इघिल ऊझ्रू, १९ जून

गाढवा,

मी काय लिहिलं आणि तू काय वाचलंस! पाणवठा पूस असं कधी म्हटलं मी? वणव्यात पाणी कुठे आहे ते बघायला नकाशा काढायचा, आणि अब्रू राखायची म्हणून त्यातलं पाणीच पुसायचं? हे डोकं फक्त आपल्या गावच्या पुरुषांकडेच असू शकतं.

नीट वाच आता. फुलीच्या पुढे वाट आहे. कपडे धुवायच्या दगडांमागून निघते, ओढ्याच्या काठाने उतरते, अंजिरांच्या बागांमधून जाते आणि खालच्या पुलाशी डांबरी रस्त्याला लागते. तजमातीपुढून जायला नको, 'कुठे निघालीस गं' या प्रश्नाला उत्तर द्यायला नको. त्या वाटेने आम्ही माहेरी जातो, डॉक्टरकडे जातो, रुसूनही जातो. मी तुझ्या घरातून टिझी शहरात बहिणीकडे निघून गेले ती त्याच वाटेने. तू वरच्या रस्त्यावर गाडी आडवी लावून माझी वाट अडवत होतास. आठवतं?

मग आधीच का सांगितलं नाहीस, असं विचारशील. कारण ती वाट माझ्या एकटीची नाही. काल पाणवठ्यावर मी सगळ्यांना विचारलं. थोरली मल्हा म्हणाली, 'पुरुषांना तजमात आहे, कॉफीचं दुकान आहे, सगळे रस्ते आहेत. आमच्याकडे एवढी एक वाट. तीही त्यांच्या पदरात घालू?' तिची सून म्हणाली, 'आणि वणवा आला तर, सासूबाई?' त्यावर जी जुंपली, ती धुतलेले कपडे वाळून कडक झाले तरी मिटली नाही.

सांगितली तर बायकांची वाट जाते, नाही सांगितली तर माझी मुलगी जाते. या कात्रीत तू मला घातलंस आणि वर अब्रूच्या गोष्टी सांगतोस.

फेरूजा


अल्जिअर्स, २६ जून

फेरूजा,

बरी सोयीची वाट सापडली! कोर्टाची तारीख लागली आणि डोंगरातून रस्ता उगवला. मी त्याच गावात वाढलो. मी, माझे वडील, त्यांचे वडील, कुणाच्याही तोंडून या वाटेचं नाव ऐकलं नाही. आकाशातून काढलेले फोटो पाहिले. झाडांचे शेंडे दिसतात, बाकी काही नाही. रुसून गेलीस तेव्हा कुणीतरी गाडीतून नेलं असेल तुला.

वाट खरी असेल तर काढून दाखव. कुणीही लिहावं हाच या नकाशाचा नियम आहे, तो तुलाही लागू. फोन चालू ठेवून ती वाट चाल, म्हणजे फोनच रेघ काढेल. मात्र खाली नाव तुझं लागेल. आडोशाने दगड मारायची सोय इथे नाही.

बलाईद


इघिल ऊझ्रू, ८ जुलै

बलाईद,

चाललो आम्ही. मी एकटी नाही.

तुझं पत्र मी पाणवठ्यावर मोठ्याने वाचलं. 'कुणीतरी गाडीतून नेलं असेल' इथपर्यंत आले आणि थोरली मल्हा उठून उभी राहिली. म्हणाली, 'आमच्या पायांना खोटं पाडतो काय मेला? चला गं!' माझ्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं ते तुझ्या फाटक्या तोंडाने करून दाखवलं. परड्यांत भाकरीखाली फोन ठेवून सगळ्या पुलापर्यंत उतरलो. घरी येऊन रेघ चढवली. तिच्याखाली बायकांनी घातलेली अट लिहिली, 'बायकांची वाट. पुरुषांनी फक्त वणव्यात.' खाली माझं पूर्ण नाव.

दुसऱ्या दिवशी बघते तर रेघ गायब. तिथे शेरा, 'पडताळणी नाही', आणि पुसणाऱ्याचं नाव तुझं!

न्यायाधीशाने पाहायच्या आत पुरावा पुसलास. चोर निदान तोंड तरी लपवतो रे. थिलेल्लीने विचारलं, 'आई, बाबांनी का पुसलं?' काय सांगू तिला? तुझ्या तोंडानेच सांग.

फेरूजा


अल्जिअर्स, ११ जुलै

फेरूजा,

हो, मीच पुसली. अशीच पुन्हा चढवलीस तर पुन्हा पुसेन.

तुमच्या फोनांनी एक वाट काढलेली नाही, जितके फोन तितक्या वाटा काढल्या आहेत. झाडांखाली फोन चुकतो. एक रेघ ओढ्याच्या पात्रातून गेली आहे आणि एक सरळ कड्यावरून. धुरात एखादा परका माणूस तुझी रेघ बघत पळाला तर कड्यावरून खाली जाईल. मग त्याच्या आईला मी काय सांगू? फेरूजाबाई रागात होत्या म्हणून? चुकीच्या वाटेपेक्षा वाट नसलेली परवडली. हा नियम मी तुझ्यासाठी केलेला नाही आणि तुझ्यासाठी मोडणारही नाही.

आणि रुंदी किती? आईला तिच्या गुडघ्यांनिशी उतरता येईल का? माणसाला झोळीत घालून नेता येईल का? मध्ये कुंपण, फाटक, कुलूप काही आहे का? वारा खालून असेल तर ती घळ म्हणजे पेटती चूल, त्याचं काय? उत्तरं असतील तर लिही, नसतील तर गप्प बस.

थिलेल्लीला सांग, बाबा लोक वाचावेत म्हणून पुसतात. अर्ज कायम आहे.

बलाईद


इघिल ऊझ्रू, २१ जुलै

बलाईद,

उत्तरं घे.

सुट्टीत घरी बसलेल्या माझ्या शाळेतल्या मुलींना कामाला लावलं. दोरीने वाट मोजली, प्रत्येक वळणावरच्या दगडाला चुना फासला आणि तिथे उभं राहून, फोन स्थिर होईपर्यंत थांबून खूण घेतली. आता रेघ एकच आहे. रुंदी एवढी की घागर घेतलेल्या दोघी समोरासमोर आल्या तर एकीला बाजूला व्हावं लागतं. झोळी म्हणून घोंगडी घेतली आणि थोरल्या मल्हाला तिच्यात घालून नेलं. बाई वजनदार आहे, आणि आम्ही हसून हसून तिला ओढ्यात टाकायच्या बेतात होतो, पण नेली. वारा खालून असेल तर वरचा रस्ता, वरून असेल तर खालची वाट. घराला दोन दारं असतात ती एकदम उघडायला नसतात, एवढं तुला कळायला हवं होतं.

आत्यालाही उतरवलं. दोनदा बसली, दोनदा तुझा उद्धार केला, पण फाटकापर्यंत आली. आता त्या फाटकाचं सांगते, आणि सांगताना माझा तिळपापड होतो आहे. पुलाच्या अलीकडे उआमरच्या बागेला लोखंडी फाटक आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने त्याला कुलूप घातलं. आम्ही शेजारच्या पडक्या बांधावरून चढून पलीकडे जातो, आणि त्याची इतकी सवय झाली की कुलूप आहे हेच आम्ही विसरलो होतो. आत्याला तो बांध चढता आला नाही. गज धरून उभी राहिली, पलीकडे पूल दिसत होता, आणि जाता येत नव्हतं. त्या दिवशी वणवा असता तर काय झालं असतं ते माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. तू विचारलं नसतंस तर आम्ही सगळ्या, म्हाताऱ्या आणि पोरींना घेऊन, त्या कुलपावर जाऊन आपटलो असतो.

उआमरच्या बायकोला बोलावलं. तिने घरातून किल्ली आणली, कुलूप काढलं आणि ओढ्यात भिरकावलं. उआमर अजून चोर शोधतो आहे.

रेघ चढवली आहे. हिंमत असेल तर पूस. आभार मानत नाही.

फेरूजा


अल्जिअर्स, २८ जुलै

फेरूजा,

तपासली. बरोबर आहे. ठेवली. पाणवठाही परत काढला. अग्निशमन दलालाही वाट आणि फाटक दोन्ही कळवलं.

अर्ज मागे घेतलेला नाही. पळायला दुसरी वाट आहे म्हणून मुलीला आगीजवळ ठेवावं असं होत नाही.

बलाईद


डोंगराखालचा नाका, १३ ऑगस्ट

फेरूजा,

पोलिसांनी गाड्या अडवल्या आहेत, मला पुढे सोडत नाहीत. वरचा रस्ता पेटला आहे असं सगळे म्हणतात. तुझा फोन लागत नाही, आईचा लागत नाही, कुणाचाच लागत नाही. ही चिठ्ठी पाण्याच्या ट्रकवाल्याच्या हातात देतो आहे.

थिलेल्ली कुठे आहे? शिवी दे, पण उत्तर दे.

बलाईद


पुलापलीकडची शाळा, १३ ऑगस्ट

बलाईद,

थिलेल्ली माझ्याजवळ आहे. धडधाकट आहे. आत्याही आहे. माणूस एकही गेलेला नाही. तुझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिते आहे, म्हणून अक्षर बारीक.

वारा वरून होता. ओकचं रान पेटलं आणि वरचा रस्ता धुरात दिसेनासा झाला. सगळं गाव पाणवठ्याच्या पायऱ्यांशी आलं. बायका आणि मुलं उतरली. पुरुष थांबले. देवाशपथ सांगते, थांबले! पाठीमागे आभाळ लाल झालेलं, अंगावर राख पडते आहे, आणि अक्लीदादा वरच्या पायरीवर उभे राहून खाकरताहेत. खाली बायका असल्या तर सावध व्हाव्यात म्हणून जन्मभर खाकरले, तसेच. त्यांच्या मागे सारी तजमात खोळंबलेली. पहिलं पाऊल कुणीच टाकेना. शेवटी तुझी आई खालच्या वळणावरून ओरडली, 'उतरा रे मुडद्यांनो! खाकरताय काय? आत कुणी नहात नाहीये, आम्ही सगळ्या बाहेर पडतोय!' तेव्हा उतरले, तेही माना खाली घालून.

धुरात चुन्याचे दगड तेवढे दिसत होते. थिलेल्ली पुढे होती. वळण आलं की डावीकडे, उजवीकडे असं ओरडायची, आणि मागून अख्खं गाव तिच्या आवाजावर चालत होतं. फाटकाशी अग्निशमन दलाचे दोघे फोनवर तो नकाशा उघडून वर यायला निघालेच होते. त्यांनी आत्याला पाठुंगळी घेतलं.

वरच्या अंगाची घरं गेली. तुझ्या आईचंही गेलं. तू जिथे आहेस तिथेच थांब, उआली तुला इकडे आणतो म्हणतो आहे. मुलीला भेट. माझ्याशी बोलायला येऊ नकोस, माझ्यात त्राण नाही.

फेरूजा


अल्जिअर्स, २ सप्टेंबर

फेरूजा,

अर्ज मागे घेतला. वकिलाने कारण विचारलं. म्हटलं, माझाच नकाशा माझ्याविरुद्ध साक्ष देतो आहे. थिलेल्ली तुझ्याजवळ राहील. शाळेच्या वर्गात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि जाग आल्यावर तिने पहिला प्रश्न 'आई कुठे?' असा विचारला. माझ्यापायी तो तिला रोज विचारावा लागू नये, एवढं मला कळलं. पण याला माफी समजू नकोस. मुलीने शहरात शिकावं असं मला अजूनही वाटतं, आणि तू भांडखोर आहेस असंही.

एक बातमी. शेजारच्या गावांतल्या बायका आपापल्या वाटा नकाशात चढवू लागल्या आहेत. बहुतेकींनी तुझीच अट खाली लिहिली आहे. रेघ चुकली की मी पुसतो, मग त्या मला शिव्या घालतात. नऊ वर्षांचा सराव आहे, काही वाटत नाही. पूर्वी आम्ही चौघे मिळून सहा महिन्यांत जेवढं करत होतो तेवढं आता त्या एका महिन्यात करतात.

अक्लीदादांचा फोन आला होता. तजमातीने ठरवलं आहे की तुमची वाट रुंद करायची, सिमेंट घालायचं, दिवे लावायचे. तुला आनंद होईल म्हणून कळवतो.

बलाईद


इघिल ऊझ्रू, १२ सप्टेंबर

बलाईद,

आनंद? सकाळी पाण्याला उतरले तर चौघे बाप्ये खिशात हात घालून पाणवठ्यावरून खाली निघालेले. कुठे, तर पुलावर कॉफी प्यायला. ही वाट जवळची पडते म्हणे! अक्लीदादा आता खाकरतसुद्धा नाहीत. 'पुरुषांनी फक्त वणव्यात' ही ओळ नकाशातून कुणीतरी पुसली. नाव पाहिलं. तुझं नव्हतं, तजमातीच्या चिटणिसाचं होतं. मी पुन्हा लिहिली, त्याने पुन्हा पुसली. कुणीही बदलावं हा तुझा नियम मोठा छान आहे रे, पण ज्याच्याकडे दिवसभर बाकावर बसायला वेळ आहे तोच त्यात जिंकतो. याचं काय करणार आहेस ते कळव. मंडळात मांड, नियम बदल, काहीही कर.

थोरली मल्हा माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. सगळ्यांचे जीव वाचले हे ती नाकारत नाही, पण माझी मुलगी माझ्याजवळ राहिली आणि त्यापायी गेली ती सगळ्यांची वाट. मी तिला तोंडावर सांगितलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. तिने घागर उचलली आणि निघून गेली. पाणवठ्यावर आता कुणी गात नाही. बायका पाणी भरतात, डोक्याचे रुमाल सारखे करतात आणि घरी जातात.

परवा थिलेल्ली पाण्याला गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा हातापायांना काटे ओरबाडलेले आणि चेहरा फुललेला. माझ्या कानाशी येऊन काहीतरी सांगितलं. काल आम्ही सगळ्या जणी जाऊन बघून आलो. मल्हा बोलली नाही, पण आली, आणि परतताना सगळ्यांत आधी तीच गायला लागली.

तुम्ही खुशाल सिमेंट घाला, दिवे लावा, कॉफी प्या. थिलेल्लीने शोधलेली वाट तुझ्या नकाशात येणार नाही. वणवा लागला की सांगू.

फेरूजा